ब्रेक लागतो ना? मग झालं!

गाडीच्या ब्रेकबद्दल आपल्याकडे एकच प्रश्न विचारला जातो, "लागतो ना?" उत्तर "लागतो" असं आलं की विषय संपला. टायर गुळगुळीत झाला तर शेजारचे काकासुद्धा सांगतात, हॉर्न बिघडला तर दुसऱ्या मिनिटाला कळतं, एसी गार करत नसेल तर घरात भांडणं होतात. ब्रेकचं मात्र "लागतो" एवढ्यावर भागतं. मग एखाद्या दिवशी घाटात गाडी जाते आणि पेपरात ठरलेली बातमी येते, ‘ब्रेक फेल झाल्याने’. जणू काही ब्रेकला अचानक हार्ट अ‍ॅटॅक आला!

मित्रांनो, मला सांगायचं आहे ते नेमकं याच्या उलट. झिजलेला ब्रेक जवळजवळ शेवटच्या मिलिमीटरपर्यंत व्यवस्थित लागतो. म्हणूनच तो धोक्याचा. ब्रेक संपत आलाय हे आपल्या पायाला कळतच नाही. ते बघून आणि ऐकून ओळखावं लागतं.

हे पटत नसेल तर फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स आठवा. घर्षणाचं सूत्र आपण सगळ्यांनी घोकलंय, एफ बरोबर म्यू गुणिले एन. म्यू म्हणजे दोन पृष्ठभागांमधल्या पकडीचा आकडा, एन म्हणजे त्यांच्यावरचा दाब. (मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे ‘घर्षण’ हा शब्द मला इथे येऊन शिकावा लागला. गॅरेजमध्ये मिस्त्री नुसतं ‘पकड’ म्हणतात आणि तो शब्द मला जास्त आवडतो.) आता या सूत्रात पॅडची जाडी कुठे आहे? नाहीच! १० मिलिमीटरचं नवंकोरं पॅड असो की झिजून ३ मिलिमीटरवर आलेलं, रोजच्या चालवण्यात म्यू तेवढाच आणि पेडलमधून येणारा दाबही तेवढाच. मग गाडी थांबायला लागणारं अंतरही तेवढंच.

कोणी म्हणेल, पॅड झिजलं की मधे गॅप पडेल, म्हणजे पेडल खाली जायला हवं. डिस्क ब्रेकमध्ये तेही होत नाही. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी म्हणजे डिस्क. तिला दोन बाजूंनी चिमटा काढतो तो कॅलिपर. कॅलिपरमध्ये एक पिस्टन असतो आणि त्याच्याभोवती चौकोनी कापाची रबरी रिंग असते. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे सरकतो आणि रबर किंचित पिळलं जातं. पाय काढला की रबर सरळ होताना पिस्टनला जरासं मागे ओढतं. पॅड झिजलं असेल तर पिस्टन रबरातून घसरून थोडा पुढे येतो आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करतो. म्हणजे पॅड आणि डिस्कमधलं अंतर कायम तेवढंच. आयडिया भारीच आहे, पण तिच्यामुळे झीज लपून राहते हेही खरं.

मग जाडी गेली तर बिघडतं काय? पॅडचा मसाला उष्णता पटकन पुढे जाऊ देत नाही. जाड पॅड म्हणजे तापलेली डिस्क आणि मागचं ब्रेक ऑइल यांच्यामधली भिंतच. ती पातळ झाली की उष्णता थेट ऑइलपर्यंत पोचते. आणि मसाला पूर्ण संपला की मागची लोखंडी पट्टी डिस्कवर घासायला लागते. लोखंडावर लोखंड म्हटल्यावर पकड गेली आणि डिस्कलाही खोल चरे पडले. त्यातून डिस्कही झिजून पातळ झालेली असेल तर पिस्टन मर्यादेबाहेर येऊन ऑइल गळायला लागतं. ‘फेल’ व्हायची वेळ आली ती इथे. पण त्याच्या मागे कित्येक महिन्यांची झीज असते.

आता हे सगळं आपल्या रस्त्यांवर आणून बघू. आमचं घर पेणला आणि मामा रोह्याला. अंतर जेमतेम चाळीसेक किलोमीटर. पेणहून वडखळ, तिथून नागोठणे, मग हायवे सोडून भिसे खिंडीतून रोहा. एवढ्याशा रस्त्यात ब्रेकची जी परीक्षा होते ती व्हायव्हालाही होत नसेल! मुंबई-गोवा हायवेचा नंबर पूर्वी १७ होता, आता ६६ आहे. त्याच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं (हे आपल्या रायगडचं इंदापूर, पुणे जिल्ह्यातलं नव्हे) आणि पुढे किती वर्षं रखडलं ते इथल्या पोरासोरालाही ठाऊक आहे. खड्डा, डायव्हर्जन, कारखान्यांचे ट्रेलर, गणपतीच्या आधी पेणच्या मूर्ती घेऊन सावकाश निघालेले टेम्पो. प्रत्येक ठिकाणी पाय ब्रेकवर. किलोमीटर मोजून पॅडचं आयुष्य सांगणारे लोक अशा रस्त्यावर चुकतात. पुढची पॅड साधारण तीस-चाळीस हजार किलोमीटर चालतात म्हणतात, पण कुठले किलोमीटर? एक्सप्रेसवेवर सरळ धावलेले की वडखळ नाक्यावर सरकत काढलेले?

त्यात आपली हवा. जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पेणच्या खारेपाटात वारंही खारं. लोखंड गंजतं, कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पिना जाम होतात. पिना जाम झाल्या की एक पॅड भराभर झिजतं आणि दुसरं तसंच राहतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. गेल्या मे महिन्यात पुण्याला जायच्या आधी आमची गाडी पेणच्या एका गॅरेजमध्ये नेली. पप्पांचं म्हणणं होतं, ब्रेक मस्त लागतायत, नुसतं ऑइल बघून घे. मिस्त्रींनी चाक न काढता रिमच्या फटीतून टॉर्च मारला. बाहेरचं पॅड चांगलं दिसत होतं. तरी त्यांनी चाक काढलंच. मी कॉलेजचं व्हर्निअर नेलं होतं (हसू नका, व्हर्निअर मनापासून वापरायची संधी लॅबबाहेर कितीदा मिळते?). बाहेरच्या पॅडवर मसाला होता ५.२ मिलिमीटर, आतल्यावर १.८. एकाच चाकाची, एकाच दिवशी बसवलेली पॅड! पिना गंजून बसल्या होत्या. मिस्त्री म्हणाले, "ताई, फटीतून दिसतं ते बाहेरचं. मरतं ते आतलं." आणि वर म्हणाले, "लोक आवाज आल्यावर येतात. मधेच आवाज गेला तर तेपण येत नाय. बरं झालं समजतात."

आवाजाची भानगड अशी. बऱ्याच पॅडना एक छोटी पत्र्याची जीभ असते. मसाला दोनेक मिलिमीटरवर आला की ती जीभ डिस्कला टेकते आणि चीं-चीं करते. ही मुद्दाम ठेवलेली घंटा आहे. ती वाजायला लागल्यावर आठवडा-पंधरवडा हातात आहे असं धरावं, महिना-दोन महिने नाही. जीभ वाकली किंवा तुटली तर आवाज बंद होतो, पॅड काही वाढत नाही. आणि चीं-चींच्या जागी खर्र-खर्र असा दळल्यासारखा आवाज येऊ लागला, पेडलमधून पायाला खरखर जाणवू लागली, तर मसाला संपला. गाडी तिथून थेट आणि सावकाश गॅरेजला.

पण प्रत्येक आवाज म्हणजे झीज नाही, निदान कोकणात तरी नाही. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस गंज दिसतो. पहिल्या दोन-चार ब्रेकला घर्र होतं, गंज पुसला जातो आणि आवाज थांबतो. याला घाबरायचं कारण नाही. थांबला नाही तर मात्र दाखवावं. तसंच साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर ब्रेक क्षणभर बुळबुळीत लागतो, विशेषतः मागचे ड्रम. पाणी ओलांडल्यावर हलका ब्रेक धरून थोडं अंतर चालवलं की तो सुकतो. कुंडलिकेला पाणी चढल्याच्या दिवसांत रोहेकरांना ही सवय असायलाच हवी.

ड्रमबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं. ऑल्टो, वॅगन-आर अशा आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे येतं, त्यामुळे जास्त काम पुढची चाकं करतात आणि पुढची पॅड लवकर संपतात. मागचे लायनर खूप टिकतात, आणि म्हणूनच विसरले जातात. ड्रम काढल्याशिवाय ते दिसतही नाहीत. लायनर आणि ड्रममधलं अंतर आपोआप कमी करणारी एक व्यवस्था आत असते, पण धूळ-गंजाने ती अडकली की अंतर वाढत जातं. इथे मात्र कळायला वाव आहे. पेडल पूर्वीपेक्षा खाली जाऊन लागतं आणि हँडब्रेक जास्त वर ओढावा लागतो. पूर्वी सहाव्या ‘कट’ला लागणारा हँडब्रेक दहाव्याला लागू लागला तर मिस्त्रींना नुसती केबल आवळायला सांगू नका, आधी ड्रम उघडायला सांगा. केबल आवळल्याने तक्रार मिटते, लायनर तेवढाच राहतो.

ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी टायरमधली हवा बघा. ती ठीक असेल तर कॅलिपर जाम आहे किंवा एका बाजूच्या लायनरवर ऑइल आलंय. ठरावीक वेगाला पेडल धडधडत असेल तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. (जोरात ब्रेक मारल्यावर एबीएसची होणारी थरथर वेगळी, ती हवीच. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे. पण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही एवढंच. नसलेलं पॅड ते कुठून आणणार?)

आता ब्रेक ऑइल. बॉनेट उघडलं की दिसणाऱ्या त्या छोट्या पारदर्शक डब्यावर किमान आणि कमाल अशा दोन खुणा असतात. पॅड झिजतात तसा पिस्टन पुढे येतो, त्याच्या मागची वाढलेली जागा ऑइल भरून काढतं आणि डब्यातली पातळी हळूहळू उतरते. म्हणजे फुकटात मिळालेला झीज-मीटरच की हा! आणि आपण काय करतो? पातळी खाली दिसली की पेट्रोल पंपावर टॉप-अप करून टाकतो. मीटरचा काटा हाताने ढकलून वर करण्यासारखंच हे. बऱ्याच गाड्यांमध्ये हँडब्रेकचा लाल दिवाच कमी ऑइलसाठीही लागतो. वळणावर तो क्षणभर लुकलुकला तर लूज कनेक्शन म्हणून सोडून देऊ नका, पॅड बघा. पॅड ठीक असतील आणि तरी पातळी उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे, मग तर गाडी चालवायचीच नाही.

हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट-३ प्रतीचं कोरडं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट-४ ची २३० वरून १५५ वर. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं असतं आणि आपल्या दमट हवेत त्यात चालढकल करू नये. गॅरेजच्या फळीवर गेल्या पावसाळ्यापासून अर्धा उघडा पडलेला डबा वापरू देऊ नका, नवा सीलबंद डबा फोडायला लावा. आणि त्या डब्यात इंजिन ऑइल चुकूनही नाही, आतली रबरं फुगून सगळी सिस्टिम बाद होते.

ऑइल उकळण्याची धास्ती कशाला? घाटासाठी. पेणकर पुण्याहून येतो बोरघाटाने, खोपोलीवरून. रोहेकर येतो ताम्हिणीने, विळे-कोलाडवरून. लोणावळा ते खोपोली गाडी पाचशे मीटरहून जास्त उतरते. १००० किलोची गाडी ५०० मीटर खाली आली की एम जी एच प्रमाणे सुमारे ४९०० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. हीच गाडी ताशी ६० वरून एकदा थांबवायला सुमारे १३९ किलोज्यूल लागतात. म्हणजे घाट उतरणं हे ६० च्या वेगावरून लागोपाठ पस्तीस वेळा थांबण्यासारखं आहे. वेगळं सांगायचं तर जवळजवळ दोन लिटर पाण्याची पूर्ण वाफ होईल एवढी उष्णता. थोडी ऊर्जा वाऱ्यात आणि टायरमध्ये जाते. बाकीची कोणी घ्यायची ते ड्रायव्हर ठरवतो, इंजिनने की ब्रेकने.

जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. त्याचा अर्थ हाच, खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला मागे ओढून धरतं आणि ब्रेकचं ओझं कमी होतं. पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल टाकणारे लोक सगळं ओझं ब्रेकवर टाकतात. बरं, पेट्रोलही वाचत नाही. आजकालच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना, अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असेल तर इंधन बंदच करतात, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं जाळतात. उतारावर इंजिनच बंद करणारे त्याहून धन्य. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद झाल्यावर दोन-तीनदा ब्रेक हलका लागतो, मग पेडल दगडासारखं होतं.

झिजलेलं पॅड, पाणी शिरलेलं ऑइल आणि सतत दाबलेला ब्रेक, हे तीन एकत्र आले की जळका वास येतो, पकड कमी होते आणि ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे तयार होतात. ऑइल दबत नाही म्हणून ब्रेक लागतो, वाफ दबते. पेडल स्पंजसारखं खाली जातं. अशी वेळ आलीच तर पेडल भराभर मारत राहायचं, एकेक करून गिअर खाली आणायचे, हँडब्रेक बटण दाबून ठेवून हळूहळू ओढायचा, हॉर्न-दिवे चालू, आणि इंजिन बंद करायचं नाही. काहीच जमलं नाही तर गाडी डोंगराच्या बाजूला घासवायची, दरीच्या नाही. खाली पोचल्यावर तापलेल्या डिस्कवर बाटलीने पाणी मारणारे बघितलेत मी. असं करू नये, तापलेलं बीड तडकू शकतं. अर्धा तास थांबावं, चहा घ्यावा.

पॅड बदलायची वेळ म्हणाल तर मसाला ३ मिलिमीटरवर आला की बदलावीत. एका चाकाचीच नाही, डाव्या-उजव्या दोन्ही चाकांची एकदम, नाहीतर ब्रेक मारताना गाडी ओढणार. पिना साफ करून त्यांचं खास ग्रीस लावायला सांगा, आमच्या गाडीत नेमकं तेच राहून गेलं होतं. डिस्कची किमान जाडी बहुतेक वेळा तिच्यावरच कोरलेली असते. त्याखाली गेली असेल तर लेथवर घासून उपयोग नाही, नवीच लागते. पॅडचा सेट एका टायरपेक्षाही स्वस्त असतो, तिथे हलका माल घेऊन पैसे वाचवू नका. ब्रेकची धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात जाऊन बसतं. हे मी आमच्या मिस्त्रींना सांगितलं तर ते म्हणाले, "वीस वर्षं हेच करतोय." पण फडकं मात्र ओलं केलं.

पावसाळ्यात गाडी चार-आठ दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर गंजून ड्रमला चिकटतात. सपाट जागा बघून गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

आणि नवी पॅड बसवल्यावर पिस्टन पूर्ण आत ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्या वेळी पेडल थेट तळाला जातं. गॅरेजच्या दारातच, गाडी न हलवता, पेडल घट्ट होईपर्यंत तीन-चारदा दाबून घ्या. पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात. तोपर्यंत पकड थोडी कमी असते आणि करकचून ब्रेक मारणं टाळायचं असतं. त्यामुळे पुण्याला जायचं असेल तर आदल्या दिवशी पॅड बदलू नका, आठ-दहा दिवस आधी बदला. तेवढ्यात पेण-रोहाच्या तीन फेऱ्या झाल्या की ती बसतात.